अर्धा पेला आणि पन्नास पैसे

व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत पाण्याच्या पेल्याचा दृष्टांत हमखास येतो. पेला अर्धा भरलेला आहे की अर्धा रिकामा, असे वक्ता विचारतो; विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतात; सुखदुःख हे वस्तूत नसते, पाहणाऱ्याच्या नजरेत असते, असा निष्कर्ष निघतो आणि कार्यक्रम आभारप्रदर्शनाकडे वळतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका जेथे वाढत आहेत, त्या कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी हा दृष्टांत विशेष लोकप्रिय ठरावा, ह्यात नवल नाही. त्यात असत्य असे काही नाही. 'दृष्टी तशी सृष्टी' हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितले गेले आहे. परंतु पेला कोणी भरला, तो किती जणांत वाटून घ्यावयाचा आहे आणि पुन्हा केव्हा भरला जाणार आहे, हे प्रश्न त्या व्याख्यानात येत नाहीत. ज्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील गृहिणीला अर्ध्या हंड्याचा अर्थ समजावून देण्यासाठी वक्त्याची गरज नसते. तिच्या दृष्टीने अर्धा हंडा म्हणजे स्वयंपाक होईल, धुणे होणार नाही.

ह्या 'अर्ध्या'चे एक सरकारी रूपही आहे, आणि ते पेल्यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारे आहे. पिके शेतात उभी असतानाच महसूल खात्यातर्फे गावोगावच्या पिकांचा पहिला अंदाज घेतला जातो. त्याचे नावच मुळी 'नजर पैसेवारी' असे आहे. रुपया सोळा आण्यांचा होता तोवर ती आणेवारी होती. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे व्यवहारातून गेले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी आजही आणेवारी हाच शब्द आहे. नजरेच्या अंदाजानंतर सुधारित पैसेवारी येते आणि पीक कापून, मळून, वजन करून झालेल्या प्रयोगांच्या आधारे अंतिम पैसेवारी ठरते. प्रमाण मानलेल्या उत्पन्नाशी गावच्या उत्पन्नाची तुलना करावयाची. पीक पुरते आले तर शंभर पैसे, निम्मे आले तर पन्नास. पन्नासच्या आत आकडा आला की गाव टंचाईच्या यादीत जाते. मग जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा गोष्टी ओघाने येतात. आकडा पन्नासच्या वर राहिला तर ह्यातले काही येत नाही.

म्हणजे एकोणपन्नास पैशांचे गाव आणि एक्कावन्न पैशांचे गाव ह्यांच्यामध्ये बांधाइतकेच अंतर असले, कणसे सारखीच पोचट असली, तरी एका गावच्या मुलाचे परीक्षा शुल्क माफ होते आणि दुसऱ्या गावच्या मुलाला ते भरावे लागते. पेला अर्धा भरलेला की अर्धा रिकामा, हा प्रश्न येथे मनाच्या समजुतीचा राहत नाही. त्याला कचेरीचा शिक्का लागतो. व्याख्यानातला वक्ता सांगतो त्याच्या पुढची गोष्ट ही आहे. प्रत्येकजण आपापल्या नजरेने अनुभवाला अर्थ देतो हे खरेच. पण सर्वांच्या नजरेला सारखी किंमत नसते. काही जणांनी पाहिले की ते 'मत' होते आणि काही जणांनी पाहिले की ती 'वस्तुस्थिती' होते.

ह्यात तलाठ्याला किंवा मंडळ अधिकाऱ्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. एका सज्जावर अनेक गावे, हाताशी थोडा वेळ, एका बाजूला गावकऱ्यांचा आग्रह आणि दुसऱ्या बाजूला वरिष्ठांची विचारणा, अशा कात्रीत तो आकडा लिहिला जातो. पीककापणीसाठी निवडलेला शेताचा तुकडा हा साऱ्या शिवाराच्या वतीने बोलणार, असे गृहीत धरावेच लागते. संख्याशास्त्र ज्यांनी शिकविले वा शिकले आहे, त्यांना नमुन्याची ही अपरिहार्यता ठाऊक असते. तक्रार मोजण्याबद्दल नाही. मोजण्यापूर्वीच काय मोजावयाचे हे कोणीतरी ठरविलेले असते, आणि तो निर्णय आकड्यात दिसत नाही, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे.

कर्जत तालुक्यातले ज्वारीचे एखादे शेत घ्यावे. हा पट्टा प्रामुख्याने रब्बीचा. परतीच्या पावसावर ज्वारीचे भवितव्य ठरते. पाऊस आखडला, ताटे वाढली पण कणसात दाणा भरला नाही, असे वर्ष येथे नवे नाही. धान्याच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते पीक गेले. दारात दोन संकरित गाई बांधून दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सर्वस्वी गेलेले नाही, कारण कडबा हाती आहे आणि टंचाईच्या वर्षी कडब्याला धान्यापेक्षा अधिक मोल येते. मेंढरे घेऊन निघालेल्या धनगराला तेच रान चराईचे दिसते. शेतमालक त्याच्याकडून मेंढ्या बसवून घेतो आणि त्या मुक्कामाकडे पुढच्या वर्षाचे खत म्हणून पाहतो. रेहेकुरीच्या रानातले काळवीट रात्री शेजारच्या शेतात शिरते तेव्हा त्यालाही त्या शेताचा काही अर्थ असणारच. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० सालचे, क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. शहरातून आलेल्या कुटुंबाला तेथे काळविटाची झेप दिसते. पलीकडच्या शेतकऱ्याला कोवळे मोड खाल्लेली सरी दिसते. दोघेही खरेच पाहत असतात. झेप पाहणाऱ्याने शेतकऱ्याला निसर्गद्वेष्टा म्हणू नये आणि शेतकऱ्याने पाहुण्याला रिकामटेकडा म्हणू नये, इतका समजूतदारपणा अपेक्षिण्यास हरकत नाही. पण नुकसानीचा पंचनामा एकाच्याच शेतात होतो, हेही विसरून चालणार नाही.

माणसाची नजर भरवशाची नाही म्हणून यंत्राची नजर आणली, तर प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पैसेवारीचे महत्त्व कमी करून पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, भूजल आणि उपग्रहावरून मोजलेला हिरवेपणा ह्यांना पुढे आणले. त्या निकषांवर महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढे मात्र ह्या यादीबाहेरची काही महसुली मंडळे आणि गावेही सवलतींसाठी समाविष्ट करावी लागली. कारण उघड आहे. तालुका हे एकच एक शेत नसते. भीमेच्या काठची, सिद्धटेककडची गावे आणि कुकडीचे पाणी पोचते ती गावे उसाने हिरवी दिसतात. त्याच तालुक्यातल्या माळरानावरच्या गावांत विहिरीचा तळ दिसतो. सरासरी काढली की उसाची हिरवळ माळावरही पसरते, कागदावर. शिवाय उपग्रहाला हिरवे दिसते ते पीक की वेडी बाभूळ, हे ओळखण्यासाठी अखेर कोणीतरी बांधावर जावेच लागते. यंत्रालाही कोठेतरी उभे राहूनच पाहावे लागते; ते जरा उंचावर उभे असते एवढेच.

अनुभवाला अर्थ मिळतो तो केवळ पाहताना नव्हे, आठवतानाही. १९७२ चा दुष्काळ हे ह्या भागात अजूनही काळ मोजण्याचे एक परिमाण आहे. अमक्याचा जन्म 'बहात्तरच्या आधीचा' असे सहज म्हटले जाते. त्या दुष्काळाकडे पाहण्याच्या निदान तीन रीती आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या लेखी तो एक टळलेला दुष्काळ आहे: पिके बुडाली, पण सरकारी कामांवर मजुरी मिळाल्यामुळे भूकबळींची लाट आली नाही. मे १९७३ मध्ये ह्या कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. ज्याँ द्रेझ ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे उदाहरण जगापुढे मांडले. राजकारणाच्या लेखी तो रोजगार हमी योजनेचा पाया आहे; वि. स. पागे ह्यांच्या विचारातून आलेल्या ह्या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आणि ज्या बाईने त्या उन्हाळ्यात खडी फोडली, तिच्या आठवणीत सुकडी असते, मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी असतात, हातावरचे फोड असतात. त्याच बरोबर आणखी एक गोष्ट अनेकींच्या बोलण्यात येते: आठवड्याचा पगार स्वतःच्या हातात पडला होता. घरच्या शेतात जन्मभर राबूनही जे घडले नव्हते, ते दुष्काळाच्या कामावर घडले. सर्वांत वाईट वर्ष आणि पहिल्या कमाईचे वर्ष, ही एकाच वर्षाची दोन नावे एकाच स्त्रीच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. कोणत्याही तक्त्यात ती एका रकान्यात बसणार नाहीत.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग तज्ज्ञांचे आकडे बाजूला ठेवावेत आणि ज्याने सोसले त्यालाच विचारावे. ज्याचे जळते त्याला कळते. दुर्दैवाने गोष्ट इतकी सोपी नाही. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने एक पाहणी केली होती. प्रकृती कशी आहे, ह्या प्रश्नावर विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती बेताचीच आहे असे सांगितले. विधवा स्त्रियांत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण होते अवघे २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधील विधवांची स्थिती पाहता त्या विधुरांपेक्षा निरोगी होत्या असे कोणी म्हणणार नाही. अमर्त्य सेन ह्यांनी हे उदाहरण पुढे पुन्हा पुन्हा वापरले, ते ह्यासाठी की, ज्याला तक्रार करण्याचा अधिकारच कधी मिळाला नाही त्याची नजर स्वतःच्या दुखण्याकडेही दुखणे म्हणून पाहावयास शिकत नाही. ह्याच्या उलट टोकाला केरळ आहे. तेथील लोक दीर्घायुषी आहेत, दवाखाने जवळ आहेत, शिक्षण आहे. आणि आरोग्याच्या पाहण्यांत स्वतःला आजारी म्हणविणाऱ्यांचे प्रमाण बिहारपेक्षा तेथेच अधिक आढळते. आजार ओळखता येणे हीदेखील एक प्राप्ती आहे.

सिंगूरच्या त्या पाहणीनंतर पेल्याच्या दृष्टांताकडे पुन्हा पाहिले तर त्यातला धोका दिसतो. अर्धा पेला भरलेलाच समजावयाचा, ही शिकवण त्या विधवांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय मिळालेली होती. 'बरे चालले आहे' हे उत्तर समाधानाचे असते तसेच सवयीचेही असते, आणि ही सवय लावण्यात समाजाचा वाटा मोठा असतो. म्हणून सोसणाऱ्याची नजर हवी आणि तिची पारख करणारा आकडाही हवा. दोहोंपैकी एकावर भागविण्याचा आळस परवडणारा नाही.

नजर बदलली की व्यवहार बदलतो, ह्याचा दाखला शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे येथे, बाजारच्या दिवशी सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो लवकरच अहमदनगर जिल्ह्यात पोचला. श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत ह्या तालुक्यांतली गावे त्यात होती. कापसाची तेजी ओसरली होती, सारा वाढला होता, कर्ज फिटत नव्हते. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. परंतु दंगेखोरांना हवे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचा रोख होता कागदांवर. कर्जखते आणि वह्या मागावयाच्या, मिळाल्या की जाळावयाच्या; कागद हाती आले की बहुतेक ठिकाणी जमाव तेथेच थांबे. सावकाराच्या जिवाला क्वचितच धक्का लागला.

आता तो कागद म्हणजे काय? सावकाराच्या दृष्टीने ती मिळकत. कुणब्याच्या दृष्टीने, ज्याला तो वाचताही येत नव्हता, तो गळ्यातला फास. आणि न्यायालयाच्या दृष्टीने तो पुरावा: अंगठा आहे, साक्ष आहे, रक्कम आहे, निकाल द्या. तिघेही तोच कागद पाहत होते, पण हुकूमनामा निघे तो तिसऱ्याच्या नजरेने. दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली जो शेतकरी साहाय्याचा कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांपुरती न्यायालयाची नजर बदलली. खतावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मूळ मुद्दल किती, व्याज कसे चढले, व्यवहाराचा पूर्वेतिहास काय, हे न्यायाधीशाने पाहावे असे त्याने सांगितले. कर्ज फेडण्यास हप्ते बांधून देता येऊ लागले. कागद तोच राहिला; त्याच्या मागे जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली. सर्व काही सुधारले असे नाही. सावकारांनीही पुढे कर्जखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधली, आणि कायद्यामुळे कर्ज मिळणे दुरापास्त झाले अशी टीकाही झाली. तरी इतकी गोष्ट उरतेच की, निरक्षर कुणब्याच्या नजरेला जे दिसत होते ते पाच वर्षांच्या आत कायद्याच्या कलमांत उतरले. त्याची किंमत जळालेल्या कागदांनी आणि तुरुंगवासाच्या शिक्षांनी मोजली गेली.

आजच्या पैसेवारीच्या मागे जाऊन असे कोण पाहणार, हा खरा प्रश्न आहे. पैसेवारी पिकाची असते. म्हणून ती ज्याच्या नावे सातबारा आहे त्याच्याशी बोलते. ज्याच्या नावे जमीन नाही त्याचा दुष्काळ पिकापूर्वीच सुरू झालेला असतो. पेरणी लांबली की खुरपणीची मजुरी बुडते, आणि कणीस भरले नाही की काढणीची. सेन ह्यांनी १९८१ साली दुष्काळांवरील आपल्या ग्रंथात जे मांडले त्याचा गाभा हाच आहे: धान्य असूनही ते मिळविण्याची ऐपत गेली की माणसे उपाशी मरतात, आणि ही ऐपत सर्वांत आधी जाते ती मजुराची. मजुराच्या बुडालेल्या दिवसांची पैसेवारी निघत नाही. स्थलांतर आणि रोजगाराची मागणी ह्यांचा विचार दुष्काळाच्या सरकारी संहितांत येतो, पण पावसाच्या आणि पिकाच्या मागून, पुरवणीसारखा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील आणि बीडच्या गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघतात. साखर कारखान्याच्या दृष्टीने तो गळिताचा हंगाम असतो. मुकादमाच्या वहीत त्या कुटुंबाचे नाव 'एक कोयता' असे असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. दोन माणसांना एका हत्याराचे नाव देणारा हा शब्द कोणी ठरवून अपमानासाठी काढलेला नाही; तोडणीच्या व्यवहाराने तो घडविला आणि आता ती माणसेही स्वतःविषयी बोलताना तोच वापरतात. 'यंदा आमचे दोन कोयते गेले' असे घरातला म्हातारा सहज सांगतो. त्या बाईचे बाळंतपण, तिचे आजारपण, तिचा खाडा हे सारे त्या एका शब्दाच्या आत असते आणि बाहेरून दिसत नाही. सिंगूरच्या विधवांप्रमाणे तिलाही प्रकृती विचारली, तर 'बरी आहे' असेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

गावात राहिलेल्यांपैकी हे सर्वांत आधी ज्याच्या ध्यानात येते तो शाळेचा शिक्षक. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, हजेरी सुरू होते आणि कोणत्या नावांना 'हजर' असे उत्तर आले नाही, हे त्याला पहिल्याच तासाला कळते. चांगल्या पावसाच्या वर्षी अशी नावे कमी असतात, आखडलेल्या वर्षी जास्त. रब्बीचे पीक पाहावयास शिवारात जाणाऱ्या मंडळींचा रस्ता बहुधा शाळेवरूनच जातो. परतताना तेथे दहा मिनिटे थांबून त्यांनी तो हजेरीपटही पाहिला आणि गैरहजर मुलांची संख्या पैसेवारीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवली, तर त्यासाठी सरकारला वेगळा खर्च पडणार नाही.